धोना मत वाली मॅडम

दिल्लीच्या आयएनए मार्केटमधल्या मासळीच्या गल्लीत रविवारी सकाळी उभं राहिलं की एकच वाक्य चहूबाजूंनी ऐकू येतं : "भैया, अच्छे से धो के देना." बंगाली म्हणतात, मल्याळी म्हणतात, वसंत विहारातून गाडी घेऊन येणारे साहेबही काचेतून मान बाहेर काढून तेच म्हणतात. त्या गल्लीत उलटं ओरडणारी एकच बाई मी पाहिली. पायात रबरी चपला, सलवार घोट्याच्या वर खोचलेली, हातात स्टीलचा डबा, आणि आवाज असा की बर्फ फोडणारा माणूसही थांबावा.

"शंभूदा, धोना मत! हाथ भी मत लगाना!"

"धोएगा नहीं तो बास मारेगा, मैडम."

"मारने दो. मेरे को बास ही चाहिए."

गल्लीत तिचं नाव 'धोना मत वाली मॅडम' असं पडलं होतं. खरं नाव सिसिलिया. वसईची. घरी, आणि पुढे आमच्याही घरी, सिसी. ती मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, मांस घ्यायची नाही. तिला फक्त डोकं लागायचं, कल्ल्यांसकट, बर्फाच्या पाण्यासकट, लोक जे टाकून देतात ते सगळं. मुशीच्या कातडीवर, कल्ल्यांत, तोंडात, नाकपुड्यांत कोळंबी-खेकड्यांचे अगदी बारीक नातेवाईक राहतात. शास्त्रात त्यातल्या बऱ्याच जणांना कोपेपॉड म्हणतात. सिसी त्यांना 'माझ्या बाया' म्हणायची, कारण घट्ट धरून बसलेल्या बहुतेक माद्याच असतात. "नवरा असतो गं," ती सांगायची, "एवढासा. आणि तोही हिच्याच अंगावर बसलेला."

आम्ही दिल्लीच्याच द्वारका भागात एका सोसायटीत एकत्र राहायचो. दिल्लीतल्या मराठी लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची जाहिरात होती : "खोलीत जागा आहे. मांसाहार चालेल. वास चालवून घ्यावा लागेल." मी तेव्हा नुकतीच पुण्याहून येऊन गुरुग्राममध्ये एका कंपनीत मजकूर लिहायला लागले होते. दिवसा लोकांनी काय विकत घ्यावं ते लिहायचे आणि संध्याकाळी सोसायटीतल्या रखवालदारांसाठी आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहायचे. माझ्या वडिलांनी कोकणातल्या मच्छीमारांच्या संघटनेत आयुष्य घातलं. बाकीची पोरं कागदाच्या होड्या करत तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत असे. मी वाचायलाही पत्रकांवरच शिकले. माझं नाव क्रांती आहे, आणि ते का आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सिसीला मात्र त्या नावाची गंमत वाटायची. मी ऑफिसातून दमून आले की स्वयंपाकघरातून विचारायची, "काय गं क्रांती, झाली का?"

"नाही झाली."

"मग जेवून घे. भात आहे."

मी सरळच लिहिते : मला तिचा हेवा वाटायचा. सुरुवातीपासून वाटायचा. ती एका सरकारी संग्रहालयात काम करायची. तिथे जुन्या बरण्यांत पूर्वीच्या लोकांनी जमवलेले नमुने होते आणि त्यांची नीट ओळख लावणं हे तिचं काम. पण अल्कोहोलात वर्षानुवर्षं पडलेल्या प्राण्याचा रंग जातो, पाय मोडतात. ताजा बघितल्याशिवाय जुना कळत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून समुद्रापासून इतक्या दूर ती दर रविवारी बाजारात जायची आणि घरी खिडकीपाशी दुर्बिणीला डोळा लावून बसायची. सूक्ष्मदर्शकाला ती दुर्बीणच म्हणे. हातात दोन सुया, शेजारी चित्राचा कागद. एका पायावरचे केस मोजता मोजता तिची दुपार निघून जायची. मला दुपार अशी कधी मिळालीच नाही. मी बसले की मला कुणावर तरी चिडावं लागायचं, तेव्हा कुठे पेन चालायचं. ही न चिडता इतकी हट्टी कशी राहू शकते, हे मला कळायचं नाही आणि बघवायचंही नाही.

आमचं पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. सोसायटीच्या गेटवरच्या रखवालदारांना ठेकेदाराने खुर्च्या दिल्या नव्हत्या. पूर्ण पाळी उभ्याने. त्यावर मी हिंदीत पत्रक लिहिलं होतं आणि मथळाच होता : 'परजीवी ठेकेदार, होशियार!' सिसीने ते भाजी चिरता चिरता वाचलं आणि सुरी खाली ठेवली.

"परजीवी कुणाला म्हणतेस?"

"ठेकेदाराला. दुसऱ्याच्या रक्तावर जगतो तो."

"इकडे ये, बाय."

तिने मला दुर्बिणीपाशी बसवलं. काचेखाली मुशीच्या कल्ल्याचा तुकडा होता, लाल, कंगव्याच्या दातांसारखा. त्यात एक फिकट प्राणी रुतलेला. शेपटीकडून अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत होत्या, वेण्यांसारख्या.

"ही लहानपणी पोहते," सिसी सांगू लागली. "मुशी सापडली की दोन हात पुढे करते, हातांची टोकं एकत्र आणते आणि ती गाठ कल्ल्यात रोवते. की संपलं. पुन्हा कधी सोडत नाही. खाते तिचंच, खरंय. पण मुशी मेली तर ही पण मेली. तिला दुसरं घर नाही. तुझ्या ठेकेदाराचं काय? एक रखवालदार आजारी पडला की दुसरा आणून उभा करतो. त्याचं काय बुडतं? दोघांना एकच शब्द कसा वापरतेस तू?"

"हा भाषेचा वापर आहे, सिसी. लोकांना कळतो."

"लोकांना कळतो म्हणून चुकीचा लिहायचा?"

मी तो शब्द बदलला नाही. पत्रक छापलं, वाटलं. ठेकेदाराने ते वाचलंसुद्धा नसावं.

आणि मग काय झालं ते सांगते. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली की आमच्या मजल्यावर समुद्रासारखी दुर्गंधी येते. सेक्रेटरी स्वतः आले. गुप्ता अंकल, शुद्ध शाकाहारी, नाकाला रुमाल. मी भांडणाच्या तयारीत उभी. सिसी म्हणाली, "अंकल, एक मिनट बैठिए ना." चष्मा कपाळावर चढवून गुप्ता अंकल दुर्बिणीत बघू लागले. रुमाल केव्हा गळून पडला त्यांना कळलं नाही. "ये ज़िंदा था?" "ये खाती क्या है?" "बच्चे कितने देती है?" असं बराच वेळ चाललं. निघताना दारात सिसी सहज म्हणाली, "अंकल, गेट पे भैया लोगों को कुर्सी दिलवा दीजिए ना. खड़े-खड़े पैर सूज जाते हैं."

"हाँ हाँ बेटा, बिल्कुल."

खुर्च्या आल्या. त्याच आठवड्यात. लाल प्लॅस्टिकच्या, हाताच्या. रखवालदार मला हात जोडून म्हणाले, "दीदी, आपके पर्चे से हुआ." मी ते श्रेय घेतलं. घरी आले तर सिसी चहाच्या गाळणीतून कसलंसं पाणी गाळत होती. "आल्या ना खुर्च्या? तुझं पत्रक चांगलंच होतं गं, एक शब्द सोडून." अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? म्हणून हेवा करायचा. त्याला काही कारण लागत नाही.

पण हे सगळं किरकोळ होतं. खरी गोष्ट बाबांची.

बाबांच्या संघटनेचं एक पत्रक दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी निघतं. पावसाळ्यातली बंदी उठून होड्या समुद्रात जायच्या सुमारास ते बंदराबंदरांत पोचतं. होडीत फळीला चिकटवतात, मासळी बाजारात बायका एकमेकींना वाचून दाखवतात. मला आठवतं तेव्हापासून ते बाबांनीच लिहिलं. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. पेन धरवत नव्हतं, आणि सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर वाक्य सुचत नाही म्हणत. ते पत्रक आता कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, यात मला शंका नव्हती. लहानपणापासून मी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

त्या वर्षी संघटनेच्या बैठकीसाठी बाबा दिल्लीला आले आणि आमच्याकडे उतरले. विषय ठरलेला होता : मुशी संपत चालली आहे आणि बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी तिची पिल्लंही सोडत नाहीत. मी मसुदा आधीच लिहून ठेवला होता. धगधगता. बाबांनी तो चष्मा लावून वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघू, कॉम्रेड."

दहावीपर्यंत ते मला 'पोरी' म्हणत. पुढे मी मोर्च्यात जायला लागले तेव्हापासून 'कॉम्रेड'. मला त्याचा अभिमान होता.

रविवार होता. सिसी सकाळीच बाजारात जाऊन मुशीची डोकी घेऊन आली, डबा सिंकमध्ये ठेवला आणि चर्चला गेली. बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, डबा उघडला. बंदरावर आयुष्य काढलेला माणूस. सिंकमध्ये मासळी पडलेली आणि घरातल्या दोन मुली नोकरीच्या, दमलेल्या. आपण तेवढी मदत करावी म्हणून त्यांनी बाह्या सारल्या. प्रत्येक डोकं नळाखाली धरून, कल्ले उलगडून, तीन पाण्यांतून स्वच्छ धुतलं. बर्फाचं पाणी ओतून दिलं. डबासुद्धा घासून ठेवला.

मी बाहेरच्या खोलीत होते. नळाचा आवाज ऐकला आणि धावले, पण उशीर झाला होता. आणि मला सांगायला हवं, माझ्या मनात एक गोड कळ उठली. आज बघू, म्हटलं. आज हिचा आवाज चढेल आणि बाबांना कळेल की हीसुद्धा आमच्यासारखीच आहे.

सिसी आली. चकचकीत डोक्यांकडे तिने पाहिलं. बाबांनी कौतुकाच्या अपेक्षेने हात पुसले. "कल्ले-बिल्ले काही काढले नाहीत हं मी. कालवण तू कर, वसईचं."

सिसी क्षणभर भिंतीला टेकली. मग म्हणाली, "काका, आता नळ उघडू नका."

ओढणी कमरेला खोचून ती जमिनीवर पालथी पडली आणि सिंकखालच्या पाइपचा वाटीसारखा भाग फिरवून काढला. आतलं काळपट पाणी परातीत. चहाची पत्ती, भाताची शितं, साबण. तिने ते श्रीखंडाच्या फडक्यातून हळूहळू गाळलं. बाबा काय झालं ते समजून खाली बसले होते, लहान मुलासारखे. "मी घालवलं का गं सगळं?"

"सगळं कसं जाईल काका. फिरत्या होत्या त्या पाइपात आहेत. आणि रुजलेल्या आहेत त्या कुठेच जात नाहीत." तिने एका डोक्याचा कल्ला उलगडून दुर्बिणीखाली ठेवला. "बघा. तुमच्या तीन पाण्यांतून गेली ही."

बाबांनी टेबलाच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या, म्हणजे हात थरथरू नयेत, आणि डोळा लावला. इतका वेळ त्यांनी माझं काहीही वाचलेलं मला आठवत नाही.

"धरून बसलीये गं," ते म्हणाले. "जन्मभर मुशी कापताना पाहिली. ही कधी दिसली नाही."

"दिसते कशी? आपण धुतो ना."

मग दोघं फरशीवर बसून फडक्यातले कण सुईने वेचू लागली. सिसी सांगत होती, बाबा विचारत होते. एका डोक्याशी ती थांबली. "हे बघा. पिल्लू आहे हे. ह्याचे कल्ले एकदम साफ. हल्ली बाजारात पिल्लंच जास्त येतात आणि त्यांच्यात माझ्या बाया सापडत नाहीत."

"म्हणजे निरोगी?"

"नाही हो काका. म्हणजे हिच्या अंगावर कुणाला येऊन राहायला वेळच मिळाला नाही. आधीच पकडली."

बाबांनी खिशातून माझा मसुदा काढून बाजूला ठेवला आणि सिसीकडे वळून म्हणाले, "पोरी, यंदाचं पत्रक तू लिहिशील?"

पोरी.

सिसीने आधी माझ्याकडे पाहिलं. "मी कशी लिहिणार? ते क्रांतीचं काम आहे."

"क्रांतीचा राग मला पाठ आहे," बाबा म्हणाले. "मीच शिकवला तो तिला. बंदरावर सगळ्यांनाच पाठ आहे आता. हे जे तू सांगितलंस ना, हे कुणी ऐकलेलं नाही."

मी उठून गॅलरीत गेले. समोर विमानं उतरत होती, एकामागून एक, पोट दाखवत. आतून सिसीचा आवाज येत होता, ती नाही म्हणत होती. तिने हो म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्यासाठी भांडत होती, तेही हळू आवाजात, आणि माझ्या वडिलांशी. शेवटी मीच आत जाऊन म्हणाले, "लिही तू. टाइप मी करीन."

तिने लिहिलं. हाताने, चित्रांखाली लिहितात तशा छोट्या वाक्यांत. 'मुशीच्या कल्ल्यात एक बाई राहते. ती तांदळाच्या कणीएवढी असते. ती कोळंबीची लांबची बहीण आहे.' तिथून सुरुवात. बंदरावर कोणती जाळी आली, दिल्लीच्या बाजारात काय येतं, पिल्लांचे कल्ले कसे असतात. कुठे कुणाला शिवी नाही, हाक नाही. शेवट असा : 'मी रोज कल्ले उघडते. रिकामे कल्ले बघायला मला आवडत नाही.'

संपलंच. मी टाइप केलं आणि मला राहवेना. हे पत्रक आहे, चित्रकलेची वही नाही. लोकांनी करायचं काय? मी खाली एक ओळ घातली : 'उठा, बारीक जाळ्यांची होळी करा!' सिसीला दाखवली. ती म्हणाली, "असू दे की." छपाईला जाण्याआधी कागद बाबांकडे गेला. त्यांनी थरथरत्या हाताने लाल पेन्सिल घेतली, एकच ओळ खोडली आणि परत दिला. माझी.

ते पत्रक गेलं. बाबांना बंदराबंदरांतून फोन आले. ते मला ते उत्साहाने सांगत. हर्णैच्या बाजूच्या एका बाईने म्हणे आता मुशी कापायच्या आधी कल्ला उघडून बघायला सुरुवात केली होती आणि शेजारणींनाही दाखवत होती. "विचारत होती, ही लिहिणारी बाई कोण, आपल्यातलीच का? मी म्हटलं, आपल्यातलीच." मी फोनवर "छान" म्हणाले. तो शब्द तोंडातून काढायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत.

पुढच्या उन्हाळ्यात सिसीला केरळात समुद्राकाठी नोकरी मिळाली. बर्फातून नव्हे, होडीतून थेट मुशी. ती इतकी खूश होती की तिला कॅबमध्ये बसवतानाही मला तिचा हेवाच वाटत होता. बरण्या तिने ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. काच खाली करून म्हणाली, "तुला मी कधी आवडले नाही, बाय. मला माहितीये."

मी खोटं बोलले नाही. ओढणीचं लोंबणारं टोक आत सरकवलं.

"पण वर्षभर फ्रीजर माझ्या डोक्यांनी भरलेला होता. तुझं आइस्क्रीम ठेवायला जागा नव्हती. तू एकदाही काही टाकलं नाहीस." मग ड्रायव्हरला "चलो भैया" म्हणता म्हणता पुन्हा माझ्याकडे वळून, "आणि ती ओळ ना, काकांनी खोडलेली. चांगली होती. फक्त माझ्या तोंडची नव्हती."

यंदा बाबांचा फोन आला. "कॉम्रेड, पत्रकाचं बघायला हवं."

"मी लिहू?"

"सिसीला विचारलं होतं मी," बाबा म्हणाले. त्यांना लपवता येत नाही. "ती म्हणाली, आता क्रांतीने लिहायचं. तिला विचारा, मला नको."

म्हणजे हेसुद्धा तिच्याच हातून मिळालं. मी रात्री बसले, कागद पुढे ओढला आणि सवयीने कुणावर चिडावं ते शोधू लागले. चिडायला पुष्कळ जण होते, पण पहिलं वाक्य येईना. रिकामे कल्ले मी स्वतः कधी पाहिलेच नव्हते. पाहणारी ती होती, मी टाइप करणारी.

रविवारी मेट्रोने आयएनएला गेले. गल्लीत तोच चिखल, तीच गर्दी, सगळ्यांचं तेच "धो के देना". शंभूदाच्या फळीवर बर्फात एक मुशी होती, जरा मोठी. तो सवयीने पाण्याचा मग उचलायला गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "धोना मत!"

त्याने मान वर केली आणि हसला. "अरे! आप उनकी बहन हैं क्या?"

मी नाही म्हणणार होते. "साथ में रहते थे," म्हणाले.

"तो लीजिए, देखिए." त्याने अंगठ्याने कल्ला उलगडून माझ्यापुढे धरला, अगदी ती धरायची तसा. "वो तो हमको भी दिखाती थीं. पूरी मार्केट को दिखाया."

पूर्ण मार्केटला. मला वाटलं होतं, फक्त मला, बाबांना आणि फार तर गुप्ता अंकलना.

मी वाकले. लाल कंगव्यात एक फिकट कण होता, त्याला दोन बारीक वेण्या. मी बोटाच्या टोकाने तो हळूच ओढून पाहिला. सुटला नाही. जरा जोर लावला.

सुटला नाही.